सरळ करून दिलेलं घर

९ जुलै, गुरुवार

आजच्या बाजारात लेन्स मिळाली. विकणाऱ्या बाईने ती मिक्सरच्या भांड्यांत आणि गंजक्या पान्यांत टाकून ठेवली होती. लेन्सची मान हलते, म्हणून तिला ती मोडकी वाटली. म्हणाली, "मान ढिली आहे राजा, म्हणून स्वस्तात देते. तारेने आवळून घे." मी पैसे मोजले. मान हलणं हेच त्या लेन्सचं काम आहे. आपण काय विकतोय हे ज्यांना कळत नाही त्यांनी निदान सल्ला तरी देऊ नये.

शाळा नववीत सुटली, पण शब्दकोश मी सोडला नाही, तेव्हा हेही नीट लिहून ठेवतो. साध्या वाइड लेन्सने उंच घर टिपायचं तर कॅमेरा वर करावा लागतो. कॅमेरा वर केला की भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि घर पाठीवर पडतंय असं दिसतं. या लेन्सचा कॅमेरा नाकासमोर बघतो, वर सरकते ती फक्त काच. भिंती जशा उभ्या आहेत तशाच उभ्या येतात. आणखी एक कळ काच तिरपी करते, तिने फोटोतला कुठला पट्टा स्पष्ट हवा ते ठरवता येतं. ती मला अजून जमत नाही. ओमारला जन्मात जमणार नाही.

ओमार माझा मावसभाऊ. एल आल्तो शहरातल्या आमच्या भागातल्या निम्म्या घरांचे फोटो त्याने मोबाइलवर काढलेत आणि एकूण एक घर पाठीवर पाडलंय. लोक पैसे देतात, वर धन्यवादही देतात.

१२ जुलै, रविवार

तीन दिवस लेन्स शिकतोय. तिचे दोषही लिहिले पाहिजेत, नाहीतर मी ओमारसारखा होईन. विटेइतकी जड आहे. फोकस आपोआप होत नाही, बोटाने कड फिरवत बसायचं. स्टँडशिवाय आणि पाणसळीशिवाय काही खरं नाही. उजेड मोजायचा तो काच सरकवण्याआधी, नंतर मोजला तर कॅमेरा भलतंच सांगतो. काच पार वर नेली की वरचे कोपरे काळपट आणि मऊ येतात. स्क्रू नीट आवळला नाही तर काच स्वतःच्या वजनाने हळूच खाली उतरते, आणि हे कळतं ते घरी आल्यावर.

ओमार येऊन गेला. मी तेव्हा पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणत होतो.

"ही लेन्स आहे की सांधे धरलेली म्हातारी?" तो म्हणाला. "एका फोटोला वीस मिनिटं. तेवढ्यात लोक घराला दुसरा रंग देऊन मोकळे होतील."

"पण घर सरळ येतं."

"अरे, सरळ घर त्यांना रोजच दिसतं. फोटोत त्यांना उंच घर हवं असतं."

मी पुन्हा बुडबुड्याकडे वळलो.

१५ जुलै, बुधवार

मद्रिनाने, माझ्या धर्ममातेने, बोलावलं. दोन्या निकोलासा, म्हणजे निकोलासाबाई, बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातावर घेतलेली. कापडाच्या धंद्यातून तिने घर उभं केलंय. तळाला दुकानं, वर दोन मजले उंच नाचाचा हॉल, त्यावर भाडेकरू, आणि अगदी डोक्यावर टोपीसारखं तिचं स्वतःचं घर. हिरवा, नारिंगी आणि पुन्हा हिरवा रंग. हा रंग निवडताना दुकानात एकही शहाणा माणूस हजर नसावा.

आधी वरचा मजला ठरलेला नव्हता. समोरच्या कोंदोरींनी पाचवा चढवला, म्हणून मद्रिनाने सहावा चढवला. इथे घरांचे मजले नकाशावरून ठरत नाहीत, समोरच्याकडे बघून ठरतात.

"एक ऑगस्टला वास्तू आहे," ती म्हणाली. "चारशे माणसं, दोन बँड. पत्रिकेवर फोटो हवा, आणि रस्त्यावर मोठा फ्लेक्स. असा काढ पोरा, की कोंदोरीण आठवडाभर घराबाहेर पडायची नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीट आला तर कोपऱ्यातला गाळा तुझा. स्टुडिओ टाक. किती दिवस आईच्या स्वयंपाकघरात फोटो वाळवणार आहेस?"

फोटो आता कोणी वाळवत नाही. पण गाळ्याला रस्त्याच्या बाजूने काच आहे.

१८ जुलै, शनिवार

सकाळी सहाला समोरच्या पदपथावर स्टँड लावला. वारा नव्हता. पाणसळ दोनदा तपासली, उजेड आधी मोजला, मग काच वर नेली, स्क्रू आवळला. जे करायचं ते सगळं क्रमाने केलं.

फोटोत घर उजवीकडे, औषधाच्या दुकानाकडे कललेलं आहे.

कॅमेरा वर बघत असता तर दोन्ही कडा आत झुकल्या असत्या. इथे दोन्ही एकाच बाजूला जातात. कॅमेराच तिरका असता तर शेजारचा विजेचा खांबही तिरका आला असता. खांब सरळ आहे. म्हणजे खांब मुळात वाकडा असणार आणि माझ्या चुकीने सरळ दिसत असणार. नगरपालिकेचे खांब सगळ्यांना माहीत आहेत.

तळमजल्यावर दोन्या सातुर्निनाचं आपीचं दुकान आहे. जांभळ्या मक्याची ती गरम पेज मी घेत होतो, तेव्हा ती दाराशी झटत होती. खांद्याने ढकललं तरी दार चौकटीत बसेना.

"तीनदा रंधा मारून झाला," ती म्हणाली. "मिस्त्री म्हणतो, नवं लाकूड फुगतं."

इथल्या कोरड्या हवेत लाकूड फुगत नाही, तडकतं. हे घर बांधणारा मिस्त्री पान्फिलो बांधकामात जितका अडाणी, तितकाच लाकडातही. दुसऱ्याचं काम इतकं गचाळ बघून मला चीड येते.

२० जुलै, सोमवार

पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच. लेन्स बाजारातली आहे, तिला आतून मार लागलेला असणार. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मिक्सरच्या भांड्यांतून आणखी काय निघणार.

मिस्त्री पान्फिलो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बराच वेळ बघत राहिला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

"कॅमेरा खुळा आहे तुझा," म्हणाला.

"कॅमेरा ठीक आहे. लेन्समध्ये दोष असेल."

"तेच. लेन्स." आणि लगेच निघून गेला. लेन्स आणि कॅमेरा यांतला फरक त्याला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

हॉलमध्ये बँडची तालीम चालली होती. एकाने ढोल आडवा ठेवला, तर तो आपणहून गडगडत औषधाच्या दुकानाकडच्या खिडकीला जाऊन टेकला. सगळे हसले. पुन्हा मुद्दाम ठेवून बघितला, पुन्हा गेला. फरशीला गरजेपेक्षा जास्त पॉलिश केलं की असं होतं. चकचकीतपणा म्हणजे दर्जा, असं या लोकांचं ठाम मत आहे.

२२ जुलै, बुधवार

छापखान्याला आज फोटो हवा होता. कॉम्प्युटरवर घर सरळ केलं. अवघड नाही, वरचा भाग थोडा डावीकडे ओढायचा. त्याने खांब वाकडा झाला, पण फोटोत खांबाकडे कोण बघतंय. खांब कापून टाकला.

मी ओमारसारखी लबाडी केलेली नाही. लेन्सचा दोष काढला, एवढंच. जे खरं आहे ते फोटोत आणलं.

मद्रिनाने फोटो दोन्ही हातांनी धरला. मग सगळ्यांना हाक मारली, बहिणीला, मिस्त्रीला, सातुर्निनाला, आणि नेमका तिथे आलेल्या ओमारला.

"बघा. मेणबत्तीसारखं आहे."

"माझ्या मोबाइलवर असं नसतं आलं," ओमार म्हणाला. टोमणा आहे की काय, ते कळलं नाही.

"नसतंच आलं," मी म्हणालो. "ही लेन्स घर जसं आहे तसं दाखवते. ती खोटं बोलूच शकत नाही." सगळ्यांसमोर हे बोलायला मिळालं, बरं वाटलं. मिस्त्री मात्र फोटोकडे न बघता माझ्याकडे बघत होता. हेवा असावा.

२५ जुलै, शनिवार

फ्लेक्स लागला. तीन मजले उंच, घरासमोर दोन खांबांच्या मध्ये. कोंदोरींनी पडदे ओढून घेतलेत. लोक थांबून आधी फ्लेक्स बघतात, मग घर, मग पुन्हा फ्लेक्स. सातुर्निनाचा नवरा तर चांगला पाच मिनिटं उभा होता. शेवटी बायकोला काहीतरी म्हणाला आणि ती आत गेली.

गाळ्याची काच आज पुसून आलो.

२६ जुलै, रविवार

लेन्स परत करायला बाजारात गेलो. दोष असलेली वस्तू विकली, तर परत घेतली पाहिजे. बाई म्हणाली, "मान ढिली आहे हे मी आधीच सांगितलं होतं. सांगूनसुद्धा घेतलीस." दुर्दैवाने हे खरं होतं.

नेमका दोष काय ते तिला दाखवून द्यावं, म्हणून घरी येऊन चाचणी केली. शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि छताच्या खिळ्याला टांगला. ओळंब्याचा दोरा जगातली सगळ्यात सरळ गोष्ट आहे, त्याला कोणाचं मत लागत नाही. काच खाली ठेवून एक फोटो, अर्ध्यावर नेऊन एक, पार वर नेऊन एक. दोरा मध्ये घेतला, डाव्या कडेला घेतला, उजव्या कडेला घेतला. नऊ फोटो काढले आणि पडद्यावर पट्टी लावली.

नऊच्या नऊ सरळ.

लेन्समध्ये दोष नाही. याच्या पुढचं वाक्य मी आज लिहीत नाही.

२८ जुलै, मंगळवार

वरून रस्त्याचे फोटो काढायचे आहेत असं सांगून मद्रिनाच्या गच्चीवर गेलो. औषधाच्या दुकानाच्या बाजूने ओळंबा खाली सोडला. वर दोरा भिंतीला चिकटलेला होता. खाली जाऊन बघितलं. दोरा आणि भिंत यांच्यात एक वीत आणि वर तीन बोटं अंतर. मी हात तीनदा लावून बघितला. वीत तीच राहिली.

मिस्त्री पान्फिलो मागे येऊन उभा राहिला होता.

"वारा आहे," तो म्हणाला.

"वारा नाही."

"नाही," तो म्हणाला. मग रेतीच्या ढिगावर बसला. "कॉलम चार मजल्यांचे आहेत. पाचवा कसाबसा चालला असता. सहाव्याला मी नको म्हणालो होतो. म्हणाली, तुला जमत नसेल तर दुसरा मिस्त्री बघते. आणि त्या अंगाला जुना ओढा होता, भर घातलेली आहे. सगळी गल्ली जाणते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तुझा पहिला फोटो बघितला, तेव्हा ठरवलंच होतं. म्हटलं, आता पोराच्या फोटोत दिसतंय, आता ती ऐकेल. मग तू मेणबत्ती घेऊन आलास."

मी ओळंब्याचा दोरा गुंडाळला. अडाणी माणसाशी वाद घालायला मी एरवी कचरत नाही.

२९ जुलै, बुधवार

मद्रिनाला सांगितलं. ती पत्रिकांवर नावं घालत होती.

"मद्रिना, घर कललंय."

"कोण म्हणतं? कोंदोरीण?"

"मी मोजलं. ओळंब्याने. कॉलम सहा मजल्यांचे नाहीत. हॉलमध्ये चारशे माणसं एका तालावर पाय आपटणार."

तिने पेन ठेवलं. "या घराच्या पायात मी जमिनीला लामाची दोन पिल्लं पुरून दिली आहेत. लोक एक देतात, मी दोन दिली. प्रत्येक मजल्याला बिअर शिंपडली, साखर जाळली. जमिनीने माझं काही ठेवून घेतलं नाही आजवर. ती आत्ताच कशाला घेईल?"

"ओढ्यावर भर आहे..."

"एदिल." एरवी मी तिचा पोरा असतो, रागावली की ती पूर्ण नाव घेते; आज नुसतं अर्धं. तिने खिडकीतून बोट दाखवलं. "तो फ्लेक्स कोणी काढला?"

"मी."

"वाकडा आहे?"

"नाही."

"ती लेन्स खोटं बोलू शकत नाही, असं कोण म्हणालं? सगळ्यांसमोर?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य तीन शब्दांचं होतं. मला गाळ्याची काच दिसत होती. मी पत्रिकांचा गठ्ठा नीट रचून ठेवला आणि खाली आलो.

ज्यांना मी या वहीत नावं ठेवली आहेत, त्यांतल्या कोणीही इतकं हलकं काम केलेलं नाही.

३० जुलै, गुरुवार

निदान भाडेकरूंना तरी सांगावं, म्हणून सातुर्निनाकडे गेलो. ओमार तिथे पेज पीत बसला होता. मला वाटलं, बाई घाबरेल. ती शांतपणे भांडं ढवळत राहिली.

"आम्हाला ठाऊक होतं की," ती म्हणाली. "दार लागत नाही, पेल्यातली पेज एका बाजूला चढते. माझा पाय रोज उतारावर पडतो, मला कळणार नाही? गेल्या आठवड्यात बहिणीकडे जायला सामान बांधलं होतं."

"मग गेला का नाहीत?"

"तुझा फोटो लागला ना." तिने मला पेला दिला. "नवरा म्हणाला, बघ, सुतासारखं सरळ आहे, शिकलेल्या पोराने मशीन लावून काढलंय. तूच वाकडी चालतेस. मी म्हटलं, असेल बाबा. वय झालं. सामान सोडलं."

ओमार पेल्यात बघत होता. "मलाही हॉलमध्ये गरगरल्यासारखं व्हायचं," तो म्हणाला. "जुने फोटो काढून बघितले. माझ्या फोटोंत सगळीच घरं वाकडी. त्यात हे किती वाकडं, कसं कळणार? तुझ्या लेन्समध्येच ते दिसणार होतं, एदिल. फक्त तुझ्या."

माझ्या पेल्यातली पेजही एका बाजूला चढलेली होती.

१ ऑगस्ट, शनिवार

दुपारी बाराला लोक जमले. बायका नव्या शालींत, पुरुष बिअरच्या खोक्यांवर बसलेले, दोन्ही बँड वाद्यं घेऊन जिन्याशी. मद्रिना फ्लेक्सखाली उभी राहून पाहुण्यांच्या केसांत रंगीत कागदाचे तुकडे टाकत होती. बँडचा पहिला माणूस पायरीवर चढला, तेव्हा मी पुढे झालो. बोलणारा मी नाही. माझा आवाज फाटतो.

"फोटो खोटा आहे," मी म्हणालो.

जवळच्या पाचसहा जणांनी ऐकलं. ओमारने निवेदकाच्या हातातून माइक काढून माझ्या तोंडाशी धरला. पुन्हा म्हणालो.

"फोटो खोटा आहे. घर औषधाच्या दुकानाकडे कललंय. मूळ फोटोत दिसत होतं. मी ते कॉम्प्युटरवर सरळ केलं."

"कशाला?" कोणीतरी विचारलं.

"वाकडं दिसत होतं म्हणून."

हशा झाला. एक म्हातारा म्हणाला, "याला आताच बिअर कोणी पाजली?" मद्रिना हसली नाही. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, मारणार. बहुतेक मारणारच होती.

"आता सांगतोस? मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा गाळा जाईल असं वाटलं."

तिने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री पान्फिलोने टोपी काढून हातात धरली होती आणि तो जमिनीकडे बघत होता. मद्रिनाने चाळीस वर्षं कापड विकलंय. कोण कशासाठी खोटं बोलतं ते तिला कळतं, आणि कबूल करून माझ्या पदरात काही पडणार नव्हतं.

"किती?" तिने विचारलं.

मी वीत उघडून तीन बोटं लावून दाखवली.

तिने घराकडे बघितलं. पहिल्यांदाच ती फ्लेक्सकडे न बघता थेट घराकडे बघत होती असं मला वाटलं. मग बँडवाल्यांना म्हणाली, "जिना सोडा. खाली या. रस्त्यावर वाजवा, त्या कोपऱ्यावर, लांब." सातुर्निनाला म्हणाली, "चूल विझव. पोरं बाहेर काढ. वरच्यांनाही हाका मार."

लोक रस्त्यावर नाचले. कोंदोरींनी पडदे उघडले. मद्रिना नाचली नाही, पण प्रत्येकाच्या पेल्यात स्वतः बिअर ओतत राहिली. माझ्यापाशी येऊन वळली.

१३ ऑगस्ट, गुरुवार

इंजिनिअर येऊन गेला. मूळ फोटो मागितला, दिला. सहावा आणि पाचवा उतरवायचा, मग पायाचं बघायचं, असं म्हणतो. पदपथावर त्याने मला चार खिळे ठोकायला लावले, तीन स्टँडच्या पायांचे आणि एक ओळंब्याचा. दर गुरुवारी तिथूनच फोटो काढायचा, म्हणजे कल वाढतोय का ते कळेल. म्हणाला, "बाकी कोणाच्या फोटोवर मोजता आलं नसतं." नंतर म्हणाला, "आणि पत्रिकेवरचा कोणी सरळ केला?" मी म्हणालो, "मी." त्याने ते लिहून घेतलं नाही.

घर रिकामं आहे. गाळ्यात सिमेंटची पोती पडली आहेत. मला कोणी काम देत नाही, लग्नाचंसुद्धा नाही. ओमार म्हणतो, त्याच्याबरोबर चल. विचार करतोय. त्याच्या फोटोंबद्दल माझं मत बदललेलं नाही.

आज काच वर नेत होतो तेव्हा मद्रिना आली. बारा दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. गोल टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाली, "मला बघू दे."

मी बाजूला झालो. तिने डोळा लावला. आत रेघांची जाळी दिसते, आणि जाळीवर घर. तिला वेळ लागला. वरच्या मजल्याच्या खिडक्या आज सकाळीच काढल्या आहेत.

"सरळ असतं तर छान दिसलं असतं," ती डोळा न काढता म्हणाली.

"हो, मद्रिना."

"तो दुसरा फोटो आहे का तुझ्याकडे अजून? मेणबत्तीवाला?"

"आहे. आज पुसणार होतो."

तिने टोपी घातली, पदपथावरचा खिळा चपलेने आत दाबला, आणि निघताना म्हणाली, "पुसू नकोस."

खोट्या फोटोचं तिला काय करायचंय ते मला कळलं नाही. विचारायचा अधिकार मला नव्हता. पुसलेला नाही.